आईच्या रिपोर्टात टेंडिनोसिस, बाबांच्या चिठ्ठीवर टेंडिनायटिस, दोघांचं दुखणं एकच आहे का?

आधी तुमचा प्रश्न नीट मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आईंचं वय ५८, काही वर्षांपासून शुगर आहे, चार महिने उजवा खांदा दुखतोय, हात वर जात नाही आणि पाठीमागे ब्लाउजच्या हुकापर्यंत तर अजिबातच पोचत नाही. एमआरआय झाला, त्यात लिहिलंय सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस, लो ग्रेड पार्शियल थिकनेस आर्टिक्युलर सरफेस टेअर, माइल्ड सबॲक्रोमियल बर्सायटिस, बायसेप्स टेनोसायनोव्हायटिस, एसी जॉइंट अर्थ्रोसिस, आणि शेवटी 'नो फॅटी ॲट्रॉफी'. बाबा ६४ वर्षांचे, रोज सकाळी चालायला जातात, दीड-दोन महिने टाचेच्या वर मागच्या बाजूला दुखतंय, डॉक्टरांनी चिठ्ठीवर अकिलीस टेंडिनायटिस लिहिलंय, मधे लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, टेअर आहे म्हणजे ऑपरेशन का, दोघांचं एकच आहे का, आणि मावशी म्हणतात तसं तेल लावून मालीश करून घ्यायचं का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांदे आणि टाचा हेच रोजचं काम. पेशंट बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण शब्द उलगडून सांगतो आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं तेही सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या आईंच्या बाबतीत महत्त्वाचा शब्द रिपोर्टात छापलेलाच नाहीये. त्यावर येतो खाली.

हे शब्द लांबलचक दिसतात पण दोन-तीन तुकडे जोडून केलेले असतात. पुढचा तुकडा जागा सांगतो, शेपटी काय झालंय ते सांगते. मायो आलं की स्नायू. टेनो किंवा टेंडिन आलं की कंडरा, म्हणजे स्नायूचं ते पांढरं चिवट टोक जे हाडाला चिकटतं, स्नायू आकसतो आणि कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचवते. सायनोव्ह आलं की आतलं गुळगुळीत अस्तर, सांध्याचं किंवा कंडरेभोवतीच्या नळीचं. बर्सा म्हणजे घर्षण होऊ नये म्हणून मधे असलेली पातळ पिशवी. हाडाला हाड बांधून ठेवणारे ते लिगामेंट, त्यांचा तुमच्या दोघांच्या कागदात संबंध नाही, पण एक लक्षात ठेवा की स्प्रेन लिगामेंटला होतो आणि स्ट्रेन स्नायूला किंवा कंडरेला, पाय मुरगळून घोटा सुजला तो स्प्रेन, धावताना मांडीत मागे चमक भरली ती स्ट्रेन.

आता शेपट्या. आयटिस म्हणजे दाह, सूज, इन्फ्लमेशन. ओसिस म्हणजे झीज किंवा रचनेतला बिघाड, त्यात दाह असेलच असं नाही. पॅथी म्हणजे नुसतं 'काहीतरी बिघडलंय', का आणि कसं ते न बोलता. अल्जिया म्हणजे फक्त दुखणं. मग टेंडिनायटिस, टेंडिनोसिस, टेंडिनोपॅथी, मायल्जिया हे सगळे आपोआप वाचता येतात.

गंमत अशी की डॉक्टर मंडळी स्वतः या शेपट्या काटेकोर वापरत नाहीत. अर्धा महाराष्ट्र 'मला मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे' म्हणून पट्टा घालून फिरतो, त्यातल्या बहुतेकांना असतो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयाप्रमाणे झालेली मणक्यांची झीज. खरा स्पॉन्डिलायटिस हा वेगळा, संधिवाताच्या कुटुंबातला आजार, त्याच्या गोळ्या वेगळ्या, त्याचा डॉक्टरही वेगळा. तसंच टेनिस एल्बोचं. सचिनला २००४ मधे टेनिस एल्बो झाला आणि २००५ मधे ऑपरेशन झालं तेव्हा हा शब्द घराघरात गेला, त्याचं पुस्तकी नाव लॅटरल एपिकॉन्डिलायटिस, शेपटी आयटिसची, पण जुन्या दुखण्यात आत बघितलं तर दाहापेक्षा झीजच जास्त सापडते.

हे सापडलं कसं ते सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. पूर्वी कंडरा दुखली की सरसकट टेंडिनायटिस म्हणायचे आणि सूज आहे म्हणून सूज उतरवायच्या गोळ्या, सक्तीचा आराम, फारच झालं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन असा क्रम ठरलेला होता. मग ऑपरेशनच्या वेळी काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा दिसलं की निरोगी कंडरेत कोलॅजनचे धागे सुताच्या लडीसारखे एका दिशेने नीट लागलेले असतात, आणि महिनोन्महिने दुखणाऱ्या कंडरेत त्याच लडीचा गुंता झालेला असतो, मधे पाणी साचून ती जाड झालेली असते, नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आलेल्या असतात, पण ज्याला दाह म्हणावा त्याच्या पेशी फारशा नसतात. १९७६ मधे पुड्डू नावाच्या इटालियन सर्जनने अकिलीसच्या बाबतीत टेंडिनोसिस हा शब्द यासाठी वापरला. पुढे १९९८ मधे माफुल्ली आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की तुकडा काढून बघितल्याशिवाय आयटिस की ओसिस हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मग दवाखान्यात बसून ते ठरवू नका, सरळ टेंडिनोपॅथी म्हणा. आज खेळाडूंवर काम करणारे लोक तोच शब्द वापरतात. अलीकडच्या अभ्यासात दाहाच्या पेशी अगदीच नसतात असं नाही हेही पुढे आलंय, विशेषतः सुरुवातीच्या दिवसात, त्यामुळे 'दाह नसतोच' असं कुणी ठासून सांगत असेल तर तेही जरा जास्तच झालं.

पण उपचारावर याचा परिणाम होतो. दाह असता तर बर्फ, गोळ्या आणि आराम यांनी काम भागलं असतं. धाग्यांचा गुंता आरामाने सुटत नाही. कंडरेवर हळूहळू वाढवत नेलेलं वजन पडलं तरच ती पुन्हा भार पेलायला शिकते, आणि तेही आठवड्यात नाही, तीन महिन्यांच्या हिशोबात. नुसता आराम केला की दुखणं कमी होतं, पेशंट खूश होतो, पुन्हा कामाला लागला की आठ दिवसात परत येतो, कारण दरम्यान कंडरा आणखी कमजोर झालेली असते. इंजेक्शनचंही तसंच, टेनिस एल्बोवरच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत स्टेरॉइड घेतलेल्यांना पहिले काही आठवडे छान वाटलं पण वर्षाच्या शेवटी तेच लोक बाकीच्यांपेक्षा मागे पडलेले होते. म्हणून कंडरेच्या जुन्या दुखण्यात दर दोन महिन्यांनी इंजेक्शन देणारा कुणी भेटला तर जरा थांबून विचारा की का.

आता आईंचा रिपोर्ट ओळीने घेऊ.

सुप्रास्पायनेटस हा खांद्याच्या फऱ्यावरच्या आडव्या कण्याच्या वर बसलेला स्नायू, सुप्रा म्हणजे वर, स्पाइन म्हणजे तो कणा. त्याच्याखाली इन्फ्रास्पायनेटस, बाजूला टेरेस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस, हे चौघे मिळून रोटेटर कफ. हात वर करताना दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवायचं काम या चौघांचं. सुप्रास्पायनेटसची कंडरा हाडाच्या कमानीखालून जाते, वापर सर्वात जास्त, म्हणून झीजही तिथेच आधी दिसते. त्यामुळे ५८ व्या वर्षी 'सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस' दिसणं म्हणजे केस पांढरे दिसण्यापेक्षा फार वेगळं नाही.

टेअर या शब्दाला लोक फार घाबरतात. पार्शियल थिकनेस म्हणजे जाडीचा काहीच भाग गेलाय, आरपार नाही. आर्टिक्युलर सरफेस म्हणजे सांध्याकडची खालची बाजू, वरच्या बाजूला असतं तर बर्सल सरफेस लिहिलं असतं. लो ग्रेड म्हणजे साधारण जाडीच्या निम्म्याहून कमी. आणखी एक घोळ इथे होतो तो सांगून ठेवतो, फुल थिकनेस टेअर म्हणजे पूर्ण तुटलं असं नाही. आरपार भोक पडलं पण कडेचे धागे शाबूत आहेत तरी ते फुल थिकनेसच. पूर्ण तुटून टोक मागे सरकलं असेल तर रिपोर्टात कम्प्लीट टेअर आणि रिट्रॅक्शन हे शब्द येतात. ते आईंच्या रिपोर्टात नाहीत.

आणि शेवटची ओळ जी बहुतेक कुणी वाचत नाही ती सगळ्यात चांगली आहे, नो फॅटी ॲट्रॉफी. कंडरा जुनी तुटलेली असली की वरचा स्नायू वापराविना वाळतो आणि त्याच्या जागी चरबी भरत जाते, त्याची गुटालिए नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावाने शून्य ते चार अशी प्रतवारी करतात. चरबी जास्त भरली की कंडरा शिवूनही फायदा मर्यादित राहतो. आईंच्या स्नायूत तसं काही झालेलं नाही.

काहीच दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? १९९५ मधे अमेरिकेत ९६ जणांचे असे खांदे तपासले, एकालाही तक्रार नव्हती, तरी ३४ टक्के लोकांत कफमधे टेअर होती, आणि साठीच्या पुढच्या लोकांत ५४ टक्के. म्हणजे साठीतली न दुखणाऱ्या खांद्याची दोन माणसं उभी केली तर त्यातल्या एकाला टेअर असायची शक्यता आहे. म्हणून रिपोर्टात टेअर दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. कारण असू शकतं, नसूही शकतं, ते हाताने तपासून ठरवायचं.

बाकीचे शब्द पटकन. सबॲक्रोमियल बर्सायटिस, माइल्ड आहे, पिशवीत थोडं पाणी, खांद्याला काहीही झालं तरी हे सोबत येतंच. एसी जॉइंट अर्थ्रोसिस, कॉलरबोनच्या टोकाच्या सांध्याची झीज, चाळिशीनंतर जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असते, तिथे बोट ठेवून दाबल्यावर दुखत नसेल तर सोडून द्या. बायसेप्स टेनोसायनोव्हायटिस ऐकायला भारी वाटतं पण बायसेप्सच्या लांब कंडरेभोवतीची नळी खांद्याच्या सांध्याशी जोडलेलीच असते, सांध्यात थोडं पाणी जास्त झालं की ते या नळीत उतरतं आणि रिपोर्टात तिथे पाणी दिसलं म्हणून आयटिस लिहिलं जातं. रेडिओलॉजिस्टचा दोष नाही, त्यांना फोटो दिसतो, पेशंट दिसत नाही.

आता जो शब्द छापलेला नाही तो. तुम्ही लिहिलंय हात वर जात नाही, पाठीमागे जात नाही, शुगर आहे, वय पन्नाशीत, बाई आहेत. हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते फ्रोझन शोल्डर, कागदावरचं नाव ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस. यात दोष स्नायूचा नाही की कंडरेचा नाही, सांध्याभोवतीचं जे कॅप्सूल, म्हणजे वेष्टन असतं, ते जाड होऊन आकसतं. कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३४ मधे फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं, नेव्हियासर नावाच्या दुसऱ्या सर्जनने १९४५ मधे कॅप्सूलचं निरीक्षण करून दुसरं नाव दिलं. शुगरच्या पेशंटमधे हे बरंच जास्त दिसतं आणि त्यांच्यात जास्त चिवटही असतं. एमआरआयमधे कॅप्सूलची जाडी कळू शकते पण सौम्य असेल तर बरेचदा लिहिलीच जात नाही, किंवा रिपोर्टाच्या मधल्या परिच्छेदात असते आणि शेवटच्या निष्कर्षात येत नाही, तुम्ही मधला मजकूर एकदा वाचून बघा, रोटेटर इंटरव्हल किंवा ॲक्झिलरी रिसेस हे शब्द आणि पुढे थिकनिंग असं काही आहे का.

घरी एक गोष्ट बघता येईल. आईंना खुर्चीत बसवा, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा आणि मग कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा, दार उघडल्यासारखं. आधी चांगला हात, मग दुखरा. दुखरा कमी गेला तर आता त्यांना हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही हळूच बाहेर न्या, जोर लावू नका. तुम्ही नेल्यावर तो सहज पुढे गेला तर सांधा मोकळा आहे, त्रास कंडरेचा किंवा स्नायूचा. तुम्ही नेऊनही तिथेच अडला, भिंतीला टेकल्यासारखा, तर कॅप्सूल आकसलंय असं धरून चालायला हरकत नाही. स्वतः करता येत नाही आणि दुसऱ्याने केलं तरी होत नाही, हा फरक सगळ्यात कामाचा, त्याला ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह मूव्हमेंट म्हणतात, आणि डॉक्टरांनी तो बघितला का हे तुम्हाला आठवत असेलच. सांध्याचं खूप झिजलेलं हाड किंवा मागे निसटलेला खांदाही असाच अडतो, म्हणून एक साधा एक्सरे हवा, काढला नसेल तर काढून घ्या, एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त.

हे नाव बदललं की सगळा बेत बदलतो. कंडरेच्या दुखण्यात मी हळूहळू वजन वाढवतो, रबर बँड, मग अर्धा किलो, मग एक. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या पहिल्या टप्प्यात मी असं काही करत नाही, तिथे दुखणं आटोक्यात ठेवून जेवढा जातो तेवढाच हात फिरवत ठेवणं, आणि इथे मात्र सांध्यातलं एक स्टेरॉइड इंजेक्शन लवकर दिलं तर खरंच उपयोग होतो, वर जे इंजेक्शनबद्दल म्हटलं ते कंडरेसाठी होतं. शुगर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते, डॉक्टरांना आधी सांगा आणि घरी ग्लुकोमीटरने बघत राहा. हे दुखणं बहुतेकांचं ओसरतं पण वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर दर महिन्याला नवा डॉक्टर होतो. इंग्लंडमधे २०२० साली आलेल्या पाचशेच्यावर पेशंटच्या अभ्यासात फिजिओ आणि इंजेक्शन, भूल देऊन खांदा सोडवणं, आणि दुर्बिणीने कॅप्सूल कापणं या तिघांची तुलना झाली, वर्षाअखेरीस कुठलीच पद्धत दुसरीपेक्षा ठळक सरस ठरली नाही.

ऑपरेशनबद्दल म्हणाल तर एवढ्या लहान अर्धवट टेअरला सहसा कुणी आधी हात लावत नाही. कुणी 'हाडाची कमान घासून जागा करून देऊ' म्हणालं तर माहिती असू द्या की २०१८ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडचा अभ्यास आला, त्यात काहींची कमान घासली आणि काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, पेशंटना माहीत नव्हतं कुणाचं काय झालं, आणि एका गटाच्या आणि दुसऱ्या गटाच्या निकालात जाणवेल असा फरक दिसला नाही. याउलट पडल्यानंतर अचानक हात उचलताच येईनासा झाला असता तर मी हेच उत्तर वेगळं लिहिलं असतं, तशी ताजी मोठी टेअर लवकर शिवलेली बरी, तिथे सहा महिने व्यायाम करत बसणं चुकीचं.

बाबांचं आता. अकिलीस ही शरीरातली सगळ्यात जाड आणि दणकट कंडरा, पोटरीचे गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियस हे दोन स्नायू तिच्यातून टाचेच्या हाडाला लागतात. दोन महिने दुखतंय म्हणजे चिठ्ठीवर आयटिस असलं तरी तिला टेंडिनोपॅथी समजा. नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगा. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दाबल्यावर दुखत असेल तर ती मधल्या भागाची, अगदी हाडाला लागते तिथे असेल तर टोकाची, तिला इन्सर्शनल म्हणतात. व्यायाम जवळजवळ सारखाच, पण टोकाची असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, कारण खाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते. मधल्या भागासाठी स्वीडनच्या आल्फ्रेडसनचा १९९८ चा कार्यक्रम प्रसिद्ध आहे, पायरीवरून टाच हळू खाली, पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज १८०. आपल्याकडचे काका लोक तिसऱ्या दिवशी सोडतात, म्हणून मी बरेचदा वजन वाढवून एक दिवसाआड हळू करायला लावतो, त्याचेही निकाल तितकेच चांगले आहेत.

पण थांबा, हे काहीही सुरू करायच्या आधी त्या अँटिबायोटिकचं पाकीट शोधा. नावाच्या शेवटी फ्लॉक्सॅसिन आहे का बघा, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. लघवीच्या इन्फेक्शनला आणि जुलाबाला आपल्याकडे ही सर्रास दिली जातात, कधीकधी चिठ्ठीशिवायही मिळतात, आणि या औषधांनी कंडरा दुखू शकते, क्वचित तुटू शकते, सर्वात जास्त अकिलीसच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मधे यावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचं वय आणि सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो, आणि त्रास कोर्स संपल्यावर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. दुखणं त्या कोर्सच्या आधीचं की नंतरचं हे बाबांना विचारा. नंतरचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पुन्हा इन्फेक्शन झालं तर दुसऱ्या गटातलं औषध निवडता येईल, आणि व्यायाम मी फार हळू, आधी खुर्चीत बसून टाचा उचलण्यापासून सुरू करेन, उड्या-पायऱ्या लगेच नाहीत. आणि कोर्स चालू असतानाच पुन्हा कधी असं दुखलं तर त्याच दिवशी फोन करायचा, संपेपर्यंत वाट बघायची नाही.

कधी चालताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, टक् आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना तर ती कंडरा तुटलेली असू शकते. पालथं झोपवून पाय पलंगाच्या बाहेर ठेवा आणि पोटरी दाबा, पाऊल हललं नाही तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे, उद्यावर ढकलू नका. अशा पेशंटना कधीकधी फार दुखत नाही म्हणून 'शीर ताणली असेल' म्हणून लोक महिनाभर घरी बसतात, हे मी बरेचदा बघतो.

शीर म्हटलं म्हणून. आपल्याकडे शीर, नस, स्नायू हे शब्द बोलताना कसेही वापरले जातात. दवाखान्यात 'शीर आखडली' म्हणणाऱ्याची कधी मान आखडलेली असते, कधी पोटरीत गोळा आलेला असतो, कधी खरंच नस दबून मुंग्या येत असतात. त्यामुळे डॉक्टरकडे गेल्यावर नाव सांगू नका, काय होतं ते सांगा. दुखतं की मुंग्या येतात की ताकद कमी झाली, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

ताकदीचं विशेष सांगतो. स्नायूंच्या आजारात मायल्जिया म्हणजे फक्त अंग दुखणं, व्हायरल तापात, चिकनगुनियात सगळ्यांना होतं. मायोसायटिस म्हणजे स्नायूचा खरा दाह, आणि त्यात दुखण्यापेक्षा कमजोरी मोठी असते, मांडी घालून बसलं की उठता येत नाही, जिना चढवत नाही, केस विंचरताना हात खाली पडतो, दोन्ही बाजूंना सारखं. तेव्हा सीपीके ही रक्ताची तपासणी करतात, ती खूप वाढलेली मिळते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही अंग दुखू शकतं आणि क्वचित सीपीके वाढतं, आईंना शुगरमुळे ती गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका पण सांगा, मात्र एकाच खांद्याचं दुखणं सहसा गोळीवर ढकलता येत नाही, ती दोन्हीकडे सारखं दुखवते. ॲट्रॉफी म्हणजे स्नायू वाळणं, कारण काहीही असो, प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो ती ॲट्रॉफीच. डिस्ट्रॉफी वेगळी, तो स्नायूचाच जन्मजात, जीन्समधला दोष, लहान मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर चढतो तेव्हा आम्ही डुशेन नावाच्या डिस्ट्रॉफीचा विचार करतो. दोन्ही शब्द ट्रॉफीने संपतात म्हणून नेटवर चुकीचं वाचून घाबरू नका.

मालीशचं शेवटी. हलक्या हाताने कोमट तेल लावायला, वरून शेकायला माझी काहीच हरकत नाही, बरं वाटतं आणि त्यानंतर हात थोडा जास्त हलतो, फक्त शुगर आहे म्हणून शेकाची पिशवी किती गरम आहे ते तुम्ही स्वतःच्या हाताला लावून बघा. पण कुणी खांदा पिळून, हिसका देऊन 'मोकळा' करून देतो म्हणत असेल तर नाही म्हणा, फ्रोझन शोल्डर पहिल्या टप्प्यात असेल तर त्याने दुखणं भडकतं आणि रात्रीची झोप जाते. ताज्या मारावर तर जोरात मालीश अजिबातच नको, कोपराला किंवा मांडीला मुकामार लागल्यावर रोज रगडलं तर स्नायूत हाड तयार होऊ शकतं, त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, आणि मग कोपर कायमचं अडकून बसलेली पोरं आमच्याकडे येतात. बाबांच्या अकिलीसला तेल लावलं तर लावू देत, कंडरा काही त्याने सुधारणार नाही पण बिघडणारही नाही.

पुढच्या भेटीला जाताना एक्सरे, एमआरआयचा पूर्ण रिपोर्ट, नुसतं शेवटचं पान नाही, आईंचं गेल्या तीन महिन्यांतलं एचबीएवनसी (सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) आणि बाबांच्या अँटिबायोटिकचं पाकीट घेऊन जा. आणि तो कोपर कमरेला लावून हात बाहेर नेण्याचा फरक किती आला ते इथे कळवा, अंदाजे डिग्रीत सांगितलं तरी चालेल, मग व्यायाम कुठून सुरू करायचे ते सांगतो.